ताण्याबाण्यातला ळ

चादरीवर अक्षरं विणायचं ठरलं आणि पहिली हुज्जत झाली ती उंचीवरून. मला अक्षरांच्या एका ओळीसाठी ग्राफचे ३० चौकोन हवे होते. चादरीच्या कारखान्यात नक्षीचे ग्राफ भरणारे मास्तर २४ च्या वर जायला तयार नव्हते.

"इंग्रजी असतं ना ताई, तर मी सोळात बसवून दिलं असतं," ते म्हणाले. "मराठीचं तसं नाही. वर मात्रा, खाली उकार, मधी अक्षर. आणि कोऱ्या ओळीला पण कार्ड लागतंय, ते कोण धरणार हिशेबात?"

कागदावर मोकळी जागा फुकट मिळते. मागावर मोकळी जागासुद्धा विणावीच लागते. जकार्डच्या मागावर आडवा धागा एकदा टाकायचा म्हणजे भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं एक कार्ड खर्ची पडतं. भोक असेल तिथला हुक वर जातो आणि त्याला बांधलेला उभा धागा उचलतो. भोक नसेल तिथला खालीच राहतो. त्यात आमची चादर दुपदरी. दोन रंगांची दोन कापडं एकावर एक अशी एकाच वेळी विणली जातात आणि नक्षीच्या हद्दीवर ती आपसात जागा बदलतात, वरचं खाली आणि खालचं वर. म्हणून ग्राफवरच्या एका ओळीला दोन कार्डं लागतात, एक वरच्या पदराचं आणि एक खालच्या. माझ्या ३० ओळींची झाली ६० कार्डं. एखाद्या ओळीत एकच वेलांटी डोकावत असली, तरी तिच्यासाठी पूर्ण कार्ड पाडायचं.

मी उपयोजित कलेची. सोलापुरात राहून लग्नपत्रिका, दुकानांची बोधचिन्हं, शेंगा चटणीची पाकिटं असली कामं करते. अक्षरं काढायची हौस जुनी. पण दर २७ फेब्रुवारीला बोरूच्या फटकाऱ्यांचा जो पूर येतो, त्यात आपलीही एक घागर ओतायचा मला कंटाळा आला होता. बोरू सुंदरच असतो, त्याच्याशी माझं वैर नाही. पण देवनागरीत काही नवीन करायचं म्हटलं की हात आपोआप बोरूकडे, नाहीतर ब्रशकडे जातो, आणि मग नवीन काय ते शाईच्या शिंतोड्यांत उरतं. एखादं असं हत्यार हवं होतं, ज्याला माझ्या हाताच्या वळणाशी काही देणंघेणं नाही. सोलापुरात ते शोधायला लांब जावं लागत नाही. पूर्व भागातल्या कुठल्याही बोळात शिरा, खटखट ऐकू येतेच.

चादरीवर अक्षरं पूर्वीपासून आहेत. कारखान्याचं नाव, संस्थेचं नाव, देवस्थानाचं नाव. आमच्याकडे सत्काराला टॉवेल-टोपी असते तशी चादरही असते, आणि तिच्या टोकाला देणाऱ्याचं नाव विणलेलं असतं. जुन्या चादरी गोळा करून बघत गेले तेव्हा एक गोष्ट लगेच नजरेत भरली. ज्या काळात डिझायनर ग्राफच्या कागदावर पेन्सिलीनं चौकोन भरत होते, तेव्हाची अक्षरं ओबडधोबड असली तरी वाचता येतात. अलीकडची बरीचशी संगणकावरून थेट उतरवलेली. मंगल फॉन्टमध्ये नाव टाइप करायचं, सॉफ्टवेअरला सांगायचं की याचे चौकोन पाड, आणि जे निघेल ते विणायचं. अक्षररचनाकार र. कृ. जोशींनी मंगल केला तो मायक्रोसॉफ्टसाठी, पडद्यावर वाचण्यासाठी. त्याच्या नाजूक गाठी जाड सुतात उतरवायच्या हा त्या फॉन्टवर अन्याय आहे आणि सुतावरही. बसच्या एलईडी पाट्यांवर हीच गत दिसते. तिथं दिव्यांच्या १६ ओळींत मात्रा, अक्षर आणि उकार कोंबलेले असतात आणि प्रवासी अंदाजानं गाडी ओळखतात.

मास्तर मूळचे तेलुगू माध्यमाचे. आयुष्य ग्राफ भरण्यात आणि कार्डं पाडण्यात गेलं. त्यांच्या जुन्या वह्या चाळताना मला त्यांचा मराठी 'न' बघून गंमत वाटली. त्याची गाठ अशी गरगरीत की तेलुगूतून आल्यासारखी. या गावात हे होणारच. पाट्यांवर मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार लिप्या रोज डोळ्यांखालून जातात. तेलुगूत सलग शिरोरेषा नाही, अक्षराच्या डोक्यावर छोटीशी खूण असते. उर्दूचा नस्तालीक शब्द उजवीकडून डावीकडे खाली घसरत येतो. इथला रंगारी एकाच दिवशी यातल्या दोन-तीन लिप्या रंगवतो आणि एकीचं वळण दुसरीत झिरपतं. पुण्यामुंबईच्या टायपोग्राफीच्या परिसंवादांत बहुलिपी हा मोठा विषय असतो. आमच्याकडे त्याला पाटी रंगवणं म्हणतात.

काय विणायचं हे मात्र लवकर ठरलं. पेठांची नावं. नवी पेठ, साखर पेठ, मंगळवार पेठ, बुधवार पेठ, शुक्रवार पेठ, भवानी पेठ, भद्रावती पेठ, मुरारजी पेठ, दाजी पेठ, जोडभावी पेठ, सिद्धेश्वर पेठ, न्यू पाच्छा पेठ. या यादीत उकार आहेत, वेलांट्या आहेत, 'द्र', 'क्र', 'च्छ', 'द्ध' अशी जोडाक्षरं आहेत आणि ठरावीक अंतरानं परत परत येणारा 'पेठ' आहे. नक्षीला जी आवर्तनं लागतात ती नावांतच होती.

आता ग्राफ. चित्रकलेच्या दुकानातला चौकोनी ग्राफ इथं चालत नाही. आमच्या चादरीत ताण्याचे, म्हणजे उभे, चार धागे जेवढी जागा घेत होते, तेवढ्यात बाण्याचे, म्हणजे आडवे, तीनच मावत होते. म्हणजे ग्राफमधला प्रत्येक चौकोन कापडावर उभट येणार. १२ बाय १२ चौकोनांत काढलेला 'ठ' चा गोल कापडावर अंडाकृती उभा राहणार. गोल हवा असेल तर रुंदीत १६ आणि उंचीत १२. मास्तरांकडे या मापाचे छापील कागद होते, पिवळे पडलेले. मी संगणकावर एक्सेलचं पान उघडलं, रकान्यांची रुंदी आणि ओळींची उंची त्याच प्रमाणात करून घेतली आणि एकेक खाना काळा करत गेले. फॉन्ट बनवायची महागडी सॉफ्टवेअरं याच्या जवळपासही सोयीची नाहीत. खाना काळा की पांढरा, एवढाच प्रश्न. तो सोडवायला एक्सेलइतकं बरं काही नाही.

३० ओळींची वाटणी केली ती जुन्या छापखान्यातल्या हातजुळणीच्या हिशेबानं. खिळ्यांच्या काळात मात्रा, अक्षर आणि उकार वेगवेगळ्या मजल्यांवर जुळवायची एक पद्धत होती. मी वरच्या मजल्याला ७ ओळी दिल्या, शिरोरेषेला ३, अक्षराच्या अंगाला १५, खालच्या मजल्याला ५. यंत्रात बसवताना देवनागरीची काटछाट करायची सूचना दर पिढीत कुणीतरी करतंच. लोकमान्य टिळकांनी खिळ्यांची संख्या कमी करायचा खटाटोप केला, सावरकरांनी 'अ' ची बाराखडी पुढं आणली. मास्तरांची २४ ओळींची मागणी मला त्याच परंपरेतली वाटली, म्हणून मी हटून बसले.

तोड त्यांनीच काढली. एके दिवशी माझा कागद त्यांनी उचलला आणि काटकोनात फिरवून टेबलावर ठेवला.

"आडवं कशाला लिहायलात? काठात उभं लिहा की."

मला क्षणभर कळेना. मग त्यांनी समजावलं. चादरीच्या मधल्या नक्षीला कार्डं लागणारच आहेत. प्रत्येक कार्ड या काठापासून त्या काठापर्यंत सगळ्या रुंदीचा हुकूम देतं. म्हणजे नावं लांबीच्या दिशेनं काठातून चालवली, तर ती त्याच कार्डांच्या कडेला बसतील, वेगळं एकही कार्ड लागणार नाही. उंचीचा प्रश्न मग कार्डांचा राहत नाही, काठाच्या हुकांचा होतो. चारास तीनच्या त्याच प्रमाणात माझ्या ३० आडव्या ओळी झाल्या ४० उभे धागे. मात्रांना ९, शिरोरेषेला ४, अंगाला २०, उकाराला ७. भांडण मिटलं. शिरोरेषा आता ताण्याच्या दिशेनं धावणार होती, चादरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. एक अट मात्र आली. नावांची एकूण लांबी मधल्या नक्षीच्या आवर्तनात चपखल बसली पाहिजे, नाहीतर कार्डांची माळ फिरून पहिल्या कार्डावर येईल तेव्हा एखादी पेठ अर्धीच कापली जाईल. त्यासाठी 'पेठ' या शब्दाची रुंदी सगळीकडे एकच धरली आणि जुळवाजुळव फक्त नावांमधल्या अंतरात केली.

खरी करमणूक अक्षरांनी केली. जाड सूत म्हणजे अक्षरातलं एका चौकोनाचं भोक विणल्यावर उरतच नाही, आजूबाजूचे धागे फुगून ते बुजवतात. या एका गोष्टीमुळे नमुन्याच्या पहिल्या पट्टीवर सोलापुरात नवीन वस्त्या वसल्या. बुधवार पेठेची वुधवार पेठ झाली, कारण 'ब' च्या पोटातली तिरकी रेघ आजूबाजूच्या रंगात बुडाली. भद्रावतीची मद्रावती झाली. साखर पेठ सारवर पेठ झाली. ती वाचून कारखान्यातल्या बायका हसून हसून बेजार.

मग एकेक अक्षर सोडवत बसले. 'ब' चं पोट शेजाऱ्यांपेक्षा तीन धाग्यांनी वाढवलं आणि आतली रेघ दोन्ही बाजूंना न टेकवता मध्येच तरंगत ठेवली. ती आता तुटक दिसते, पण दिसते. 'भ' मध्ये आणि 'म' मध्ये फरक काय तो डावीकडच्या सुरुवातीचा. बोरूनं तो छोट्याशा वळणात दाखवता येतो, इथं वळणच नाही, पायऱ्या आहेत. 'भ' ची डावी गाठ मी बंद केलीच नाही, आकड्यासारखी उघडी सोडली आणि शिरोरेषा तिच्यावर तोडली. 'भ' वर शिरोरेषा तुटते हे मराठी डोळ्याला इतकं सवयीचं आहे की गाठ नीट दिसली नाही तरी त्या तुटीवरून तो अक्षर ओळखतो. 'ध' लाही तोच न्याय. 'ख' चा इलाज तर आधीच होऊन गेलेला आहे. 'र' चा पाय 'व' ला जोडायचा. छपाईत ही सुधारणा केव्हाच रुळली, मी फक्त ती जोडणी मुद्दाम चार चौकोन जाड केली.

'ल' आणि 'श' वर फार वेळ गेला नाही. 'ल' पाकळीचा, 'श' देठाचा. हिंदी वळणाचा दांडीचा 'ल' विणायला सोपा आहे हे खरं, पण सोलापूरच्या चादरीवर मी तो घालणार नव्हते.

सिद्धेश्वर पेठेतला 'द्ध' मात्र अडवून बसला. एकाखाली एक रचायचा तर २० धाग्यांत दोन मजले मावत नाहीत. शेजारी शेजारी लिहायचा तर 'द' चा पाय मोडून दाखवावा लागतो, आणि ग्रामदैवताच्या नावात मला पाय मोडायचा नव्हता. शेवटी लक्षात आलं की या शब्दात उकार कुठंच नाही, खालचा मजला रिकामाच आहे. 'ध' ला तिथं अर्धा उतरवून दिला. काठात ही एकच जागा अशी आहे जिथं उकाराच्या पट्टीत अक्षर राहायला आलंय.

काठाची कामगिरी इथवर आली आणि मास्तरांनी थंडपणे सांगितलं, "एक अडचण हाय. या मागावर दोन्ही काठ एकाच हुकांना बांधलेत. डावीकडं लिवलं की उजवीकडं उलटं उमटतंय. आरशात दिसतंय तसं. म्हणून आम्ही काठात अक्षर टाकत नाही."

नक्षीसाठी ही बांधणी सोयीची. अर्धीच नक्षी काढायची, उरलेली अर्धी माग स्वतःच उलटवून पुरी करतो. कोयरी असो की फूल, डावं-उजवं सारखंच दिसलं तर छानच. अक्षराचं मात्र वाटोळं. दोऱ्यांची बांधणी नव्यानं करायची तर माग कितीतरी दिवस बंद ठेवावा लागणार होता, आणि पानिपतहून येणाऱ्या मऊ ब्लँकेटांनी धंदा आधीच मऊ केलेला. मालकांना हे विचारायची माझी हिंमत नव्हती.

मी टेबलावर पडलेली एक जुनी चादर उलटसुलट करत होते. दुपदरी चादरीला उलटी बाजू नसते असं दुकानदार सांगतात. वरून मरून रंगात मोतिया फूल, खालून मोतिया रंगात मरून फूल. पण अक्षर असलं की उलटी बाजू असतेच, कारण मागून बघितलं की तेही आरशातलं दिसतं. म्हणजे उजव्या काठात जे उलटं उमटणार, ते मागच्या बाजूनं बघणाऱ्याला सुलट दिसणार. चादर कशीही अंथरा, एका काठातली नावं वाचता येतीलच. बांधणीतली अडचण दुपदरी कापडाला नेमकी लागू पडत होती. मास्तरांना हे दाखवलं. त्यांनी चादर दोनदा पालटून बघितली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "पहिल्यांदाच ध्यानात आलं बघा." इतक्या वर्षांत काठात अक्षर टाकायची वेळच आली नव्हती, म्हणून.

आता मधला भाग. तिथंही बांधणी तीच, मध्यावरून उलटणारी. त्यात एकच मोठं अक्षर घालायचं तर ते डावीउजवीकडे सारखं हवं. देवनागरीत असली अक्षरं किती? 'ठ' बऱ्यापैकी आहे. आणि 'ळ' आहे. मध्ये देठ, दोन बाजूंना दोन फुगे. मला 'ठ' पेक्षा 'ळ' चा मोह जास्त पडला, कारण तो या गावच्या तीन भाषांचा सामाईक माल आहे. मराठीत आहे, कन्नडात आहे, तेलुगूतही आहे. लिहायची तऱ्हा वेगळी, जीभ वळते ती एकाच जागी.

खरा 'ळ' तंतोतंत समतोल नसतो. हातानं काढताना डावीकडून सुरुवात होते, उजवीकडे शेपूट सुटते, दोन फुगे सारखे कधीच नसतात. मी अर्धाच 'ळ' काढला, मागानं बाकीचा पुरा केला. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या आमच्या शेजारच्या काकांना तो दाखवला तर म्हणाले, "हा ळ नव्हे, हा खुंटीला टांगलेला चष्मा आहे." त्यांचं ऐकून देठ थोडा जाड केला आणि फुगे खालच्या बाजूला किंचित आत ओढले. समतोल तसाच ठेवला. तो सोडता येत नव्हता.

वळण पायऱ्यांनी कसं काढायचं याचं खरं शिक्षण मला या 'ळ' नं दिलं, म्हणजे मास्तरांनी 'ळ' वरून दिलं. पायऱ्या कशा वाढतात यावर सगळं असतं. एक चौकोन वर, एक आडवा, मग एक वर, दोन आडवे, मग तीन, मग पाच. दोनावरून एकदम सहावर उडी मारली की तिथं कोपरा दिसतो, मग तो कोपरा लांबूनही डोळ्यात खुपतो. माझ्या ग्राफवर ते नुसती बोटाची पेरं फिरवायचे आणि थांबायचे तिथं चूक असायची. मला ती दिसायची पडद्यावर भिंग लावून.

पुढचा पेच कापडाचा होता. दुपदरी कापडाचे दोन पदर एकमेकांना धरून राहतात ते नक्षीच्या हद्दीवर. जिथं रंगाचा मोठा सलग पट्टा येतो, तिथं मध्ये त्यांना जोडणारं काही नसतं, कापडाची पिशवी होते. चिमटीत धरलं तर दोन पदर सुटे हाताला लागतात. आमच्या 'ळ' चा फराटा हाताच्या पंजाएवढा रुंद. पूर्ण भरीव विणला असता तर दोन धुण्यांत त्यात पोकळ्या होऊन लोंबला असता. जुन्या चादरींची नक्षी इतकी दाट का भरलेली असते, याचं एक कारण मला इथं कळलं. सौंदर्यदृष्टी असेलच, पण दाट नक्षीत पदर जागोजागी जखडलेले राहतात.

"पोटात टाके घाला," मास्तर म्हणाले. म्हणजे फराट्याच्या आत अधूनमधून एकेक चौकोन उलट्या रंगाचा सोडायचा. नुसते विखुरले तर अक्षराला देवी आल्यासारखे दिसत होते. रांगेत लावले तर बरे, पण यांत्रिक. मग मी ते टाके फराट्याच्या मधोमध, फराटा जसा वळेल तसे वळवत नेले. देठावरून उतरायचं, डाव्या फुग्याला वळसा घालायचा, परत मध्यावर यायचं. ग्राफवर ही तुटक ओळ उमटली तेव्हा अक्षराला एकदम चाल आली. डोळा कुठून सुरू होऊन कुठं जातो ते कळायला लागलं. हात 'ळ' कसा गिरवतो, ती वाट त्या टाक्यांनी दाखवली होती, आणि समतोलाच्या हट्टापायी हातच तर मी काढून टाकला होता. शेजारच्या काकांनी हा नमुना बघून चष्म्याचा उल्लेख केला नाही.

मग फराट्याच्या कडेलाही एक प्रयोग केला. वळणाच्या पायऱ्यांवर एकाआड एक चौकोन दोन रंगांचे ठेवले तर लांबून तिथं मधला रंग भासतो आणि पायरी बोथट होते. पडद्यावरचे फॉन्ट कडा मऊ करायला करड्या ठिपक्यांचा जो उपयोग करतात, तोच. 'ळ' वर तो उत्तम चालला. काठातल्या छोट्या अक्षरांवर घातला तर ती धुळीत माखल्यासारखी दिसायला लागली, तिथून काढून टाकला.

कार्डं पाडायचं काम बघण्यासारखं असतं, पण दहा मिनिटंच. मास्तर ग्राफची एक ओळ डोळ्यानं वाचतात, बोटं कळा दाबतात, पाय पायडल मारतो, पुठ्ठ्यात भोकं पडतात, पुढची ओळ. मग ती कार्डं क्रमानं दोऱ्यात ओवून त्यांची माळ करायची. हल्ली पुष्कळ ठिकाणी इलेक्ट्रॉनिक जकार्ड आलेत, फाइल पेन ड्राइव्हवरून थेट मागात जाते आणि एखादा चौकोन बदलायला कार्ड फाडावं लागत नाही. माझ्यासारखीला ते सोयीचं. पण कार्ड परत पाडायला लागणार म्हटलं की माणूस प्रत्येक चौकोनाचा आधी विचार करतो, हेही खरं.

विणताना कापड खालून वर वाढत जातं, त्यात आमची नावं काटकोनात फिरवलेली. त्यामुळे मागाशेजारी उभं राहून काही वाचता येईना. मागावरच्या दादांनी मान वाकडी करून "मं… ग… ळ…" असं लावायला सुरुवात केली आणि धागा तुटला म्हणून माग थांबला. तेवढ्या वेळात कांड्या भरणाऱ्या दोघी येऊन त्यांच्या त्यांच्या पेठा शोधायला लागल्या. एकीची सापडली, दुसरीची नव्हती. "आमची शनिवार पेठ का नाही ओ?" आवर्तनात बसली नाही हे उत्तर तिला पटलं नाही, आणि तिच्या जागी मलाही पटलं नसतं.

चादर उतरली, धुऊन वाळवली. सुती कापड आटतं हे हिशेबात धरलं होतं, तरी उंचीपेक्षा गाठींवर जास्त परिणाम झाला. सूत फुगल्यावर 'ध' ची उघडी गाठ बरीच मिटली. 'भ' शाबूत राहिला, त्याच्यावरची शिरोरेषेची तूट कामी आली. रंगाचाही एक धडा मिळाला. मरूनवर मोतिया अक्षर जाड दिसतं, मोतियावर मरून अक्षर बारीक. चौकोन तेच, धागे तेच. त्यामुळे चादरीच्या एका बाजूनं पेठा ठसठशीत आहेत आणि दुसऱ्या बाजूनं जरा वाळलेल्या. एका धाग्यानं जाडी कमीजास्त करून दोन्हींच्या मध्ये कुठंतरी गाठता येईल, पण दोन्ही बाजूंना एकसारखं वजन येणं या कापडात शक्य नाही. मी मरूनवरच्या मोतियाला झुकतं माप दिलं, कारण चादर घडी घालून दुकानात ठेवतात तेव्हा तीच बाजू वर असते.

मालकांना 'ळ' मध्ये फारसा रस नाही. "दिसतोय झकास, पण घेणार कोण?" हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. काठातली अक्षरं मात्र त्यांना आवडली, आणि आता त्यांना टर्किश टॉवेलवर आडनावं हवी आहेत. लग्नाच्या आहेरात खपतील म्हणतात. चादरीचा हिशेब टॉवेलला लागू होत नाही. टॉवेलच्या पृष्ठभागावर सुताचे फासे उभे असतात, ते धुतल्यावर हवे तसे कलंडतात आणि अक्षराची कड जागेवर राहत नाही. फराटा चादरीच्या दुप्पट घेतला तरी 'ब' ची पोटातली रेघ तिथं टिकेल असं मला वाटत नाही. मी म्हणते टॉवेलच्या टोकाला फासे नसलेली जी सपाट पट्टी असते तिच्यात आडनाव घालू, तिथं अक्षर नीट बसेल. मालक म्हणतात पट्टी दोन बोटांची, नाव मोठं दिसलं पाहिजे, फाशांतच घाला. मास्तर दोघांचं ऐकून घेतात आणि ग्राफचा नवा कागद काढून किती हुक शिल्लक आहेत ते मोजायला बसतात.